टँकरची ओटी

हळदीकुंकवाचं ताट, सून आणि आळीतल्या चार बायका घेऊन मी विहिरीवर पोचले, तर विहिरीवर पत्रे अजून ठोकलेलेच. जुलाबाच्या साथीत ग्रामपंचायतीनं विहीर बंद करून टँकर सुरू केला होता. पण त्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून आम्ही गुपचूप ओढ्याचं पाणी भरायचो.

आमची सरपंच शेवंता तिथंच टँकरजवळ उभी होती.

"पत्रे काढ," मी तिला म्हणाले. "नातू सव्वा महिन्याचा झाला. बाळंतिणीनं विहीर पुजल्याशिवाय पाणी कसं आणायचं?"

"काकू, बाळाची आई जे पाणी पिणार, तेच पुजा की," शेवंतानं टँकरकडे बोट दाखवलं.

"लोखंडाची ओटी भरू? गाव हसेल!"

"हसू द्या. या साथीत दोन घरांत रडणं झालंय."

मी काही बोलायच्या आत सून पुढे झाली. तिनं तोटीला हळदकुंकू वाहिलं, खण ठेवला. आठवडाभर आमच्या शिव्या खाणारा ड्रायव्हर खाली उतरला आणि चपला काढून उभा राहिला.

"वहिनी, नारळ तेवढा काचेवर नका फोडू," तो हळूच म्हणाला. सगळ्या हसल्या.

सुनेनं ओंजळभर पाणी पिऊन तोंड वाकडं केलं, पण भरलेली घागर डोक्यावर घेतली. बायका माझ्याकडे बघत होत्या.

"बघताय काय? रांग धरा," मी म्हणाले.

मग घरी जाऊन ओढ्याच्या पाण्याचा रांजण अंगणात पालथा केला.