कॅमेऱ्यावरची टिकली

"बंद पडलेल्या फोनलाही टिकली लावतात होय तुमच्या गेटवर?" जुना फोन उलटा करून बघत मिनलने विचारलं.

धनेश बूट काढता काढता थबकला. बॅटरी फुगून फोन कालच गेला होता. तरी आज घरी येताना, सांगवीच्या पुलाअलीकडे गाडी थांबवून, त्याने सवयीने कॅमेऱ्यावर लाल टिकली चिकटवली होती.

"सिक्युरिटीवाल्याला काय, बंद काय आणि चालू काय! फोन दिसला की लावायची," तो म्हणाला.

"धन्य आहे," म्हणत तिने ती नखाने काढली आणि आरशाच्या कडेला, स्वतःच्या टिकल्यांशेजारी लावून टाकली.

चाकणच्या त्या कंपनीत आत फोटो काढायला बंदी होती. म्हणून गेटवर प्रत्येकाच्या कॅमेऱ्यावर लाल गोल स्टिकर लावायचे. घरी आलं की धनेश ते काढून आरशाला लावायचा आणि मिनल त्याला टिकली म्हणायची. दसऱ्यानंतर त्याची लाइनच बंद झाली. कंत्राटावरच्या सगळ्यांबरोबर त्याच्याही हातात कामावरून कमी केल्याचं पत्र पडलं. त्या संध्याकाळी मिनलने सहज विचारलं, "आज टिकली नाही?" आणि खरं सांगायचं सोडून तो "पडली असेल कुठंतरी" म्हणून बसला. दुसऱ्याच दिवशी आळंदीतल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून त्याने हुबेहूब तसल्याच स्टिकरांचं पाकीट घेतलं.

तेव्हापासून हेच चाललं होतं. सकाळी डबा घेऊन निघायचं, कंपन्यांच्या गेटवर काम विचारत हिंडायचं, दुपारी इंद्रायणीच्या घाटावर डबा खायचा आणि घराकडे वळण्याआधी बॅगेच्या चोरकप्प्यातून एक टिकली काढायची. कंपनीने हिशेब मिटवताना दिलेले पैसे तो पगार म्हणून घरात देत होता. मिनल डब्यात आठवणीने त्याच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पाकीट मात्र मोठं गुणी निघालं. संक्रांत उलटली तरी संपायचं नाव घेत नव्हतं.

आता सुटका अगदी तोंडाशी आली होती. सोमवारपासून चाकणलाच दुसऱ्या कंपनीत त्याला रुजू व्हायचं होतं. "कंपनी बदलली" एवढं सांगितलं की मधले महिने कायमचे गाडले जाणार होते. घोर फक्त एकाच गोष्टीचा होता. त्या पत्राचा त्याने फोटो काढून ठेवला होता आणि मग घाबरून पुसलाही होता. पण पुसलेलं सगळं बॅकअपमधून परत येतं, असं घाटावर कुणीतरी म्हणालं होतं. आणि नवा फोन या क्षणी मिनलच्या हातात होता. दुपारी तिनेच तो आणला होता.

"दे इकडं. मी करतो सावकाश."

"तुम्ही? पासवर्ड तरी आठवतोय का?"

नव्हता आठवत. तो तिच्याशेजारी बसला. आधी नंबर आले, मग मेसेज आले. मग फोटो एकेक करून उघडू लागले.

"हे बघा, आमच्या शेखरदादाच्या पोरीचं बारसं!"

"हे माझ्या फोनात कसं? मी तर आलोच नव्हतो."

"दोन्ही फोनांना एकच खातं आहे ना. तेव्हा दुकानदाराने घाईत लावून दिलं, ते तसंच राहिलं. तुमचे-माझे सगळे फोटो एकाच ठिकाणी जमा होतात."

मिनल ब्लाउज शिवायची. तिने काढलेले दोऱ्याच्या रिळांचे, बटणांचे, अस्तराच्या तुकड्यांचे फोटो ढिगाने येत होते. दुकानात गेलं की फोटो दाखवून "अगदी असलंच द्या" म्हणायची तिची पद्धत होती.

"बघत बसा. मी चहा टाकते," ती म्हणाली आणि फोन त्याच्या हातात देऊन आत गेली.

त्याने भराभर अंगठा फिरवला. बारसं गेलं, संक्रांतीचा हलवा गेला, दिवाळीचा कंदील गेला, दसऱ्याला हार घातलेली गाडी आली. पत्र कुठेच नव्हतं. त्याने पुन्हा एकदा वरून खाली पाहिलं. खरंच नव्हतं!

सुटलो रे बाबा! त्याने भिंतीला डोकं टेकलं. इतके महिने छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून नेला होता. त्याला हसूही येत होतं आणि रडूही.

"मिनल, आलं घाल गं चहात! आणि ऐक, सोमवारपासून मी कंपनी बदलतोय. चांगली आहे, पगारही बरा आहे."

आत भांड्यांचा आवाज थांबला. आतूनच ती म्हणाली, "तिथल्या गेटवर लावतात का हो टिकली?"

"लावतात की. परवा पाहिलं ना मी."

"मग सुटले बाई एकदाची!"

आपली बायको कशाला 'सुटले' म्हणेल याचा नेम नाही, असं मनाशी म्हणत धनेश हसला. आता फोटो बघायला भीती नव्हती. त्याने निवांत एकेक उघडायला सुरुवात केली. दसऱ्याची गाडी आणि दिवाळीचा कंदील यांच्या मधे रिळांचे दोन-तीन फोटो होते आणि त्यांच्याच रांगेत आणखी एक होता. मघाशी कागद शोधण्याच्या नादात त्याने तो तसाच पुढे सारला होता.

घरातला ओटा होता. कडेला हिरव्या बांगड्यांचं मनगट आलं होतं. आणि मधोमध, दुकानदाराला नीट दिसावं म्हणून उजेडात धरलेलं, त्याच्या चोरकप्प्यातलं पाकीट. आत दोनच टिकल्या उरल्या होत्या.