थेंबभरही आत नाही

"आभाळ फाटलं तरी माझ्या ड्रोनच्या केसाला धक्का लागायचा नाही," चिरंजीवांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांची बोटं सिलिकॉनने एकमेकांना चिकटली होती. तीन रविवार खपून त्यांनी ड्रोनची फट न् फट लेप लावून बुजवली. चौथ्या रविवारी तो भर पावसात उडून आला, तरी आतून कोरडाठाक. कौतुक करून घ्यायला ते तडक बाबांच्या खोलीत शिरले.

बाबा पलंगावर छत्री उघडून बसले होते.

चिरंजीवांनी ड्रोन हळूच पाठीमागे लपवला. "छताचं पुढच्या रविवारी नक्की बघतो, बाबा." गेल्या वर्षीचंच वाक्य तोंडून निघालं.

"छताची घाई नाही रे. तो लेप उरला असेल, तर तेवढा या बादलीला लाव. तीही गळायला लागलीय."