ठेवीदारांचा कैवारी

रिझर्व्ह बँकेच्या व्याजधोरणावर अकोल्यात अर्थशास्त्राच्या रविकांत सरांचं भाषण होतं. "महागाईपेक्षा कमी व्याज म्हणजे ठेवीदाराची दिवसाढवळ्या लूट!" असं ते गरजले. टाळ्या पिटणाऱ्या मूर्खांत मीही होतो, त्यांचाच भाडेकरू.

पुढच्या आठवड्यात मी त्यांची अमरावतीतली खोली सोडली. नऊ वर्षांपूर्वी दिलेलं पन्नास हजारांचं डिपॉझिट सरांनी उपकार केल्यासारखं जसंच्या तसं हातावर टेकवलं.

"सर, व्याजाचं काय?"

"व्याज? मी का बँक आहो का?"

मी सामान उचललं. दारात नवा भाडेकरू उभा होता. सर त्याला म्हणाले,



"डिपॉझिट एक लाख लागीन. नऊ वर्षांत महागाई केवढी वाढली, पाहून नाई राहिले का तुमी?"