चोपन्न

घोरपडेबाई पंच होत्या. मैदानाच्या कडेला त्यांनी सर्जेरावापुढे श्वासमापकाची नळी धरली. पूर्वी कबड्डीचे गट वजनावर पडायचे, आता फुप्फुसांच्या वयावर पडत.

"यंदाही म्हाताऱ्यांच्यात का, सर्जा?" त्याचे वडील आबा मागून म्हणाले. आबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, पण त्यांची फुप्फुसं पन्नाशीची. म्हणून ते पंचावन्नच्या आतल्या संघात चढाई करायचे. बावन्न वर्षांच्या सर्जेरावाची फुप्फुसं मात्र गेल्या वर्षी एकाहत्तरची निघाली होती.

तेव्हा तो बाईंशी भांडला होता. "आयुष्यात बिडी ओढली नाही मी."

"आणि बाटली?" बाईंनी विचारलं होतं. मग यंत्राच्या पडद्यावर त्याच्या श्वासनळीतले सूक्ष्म केस दाखवले होते. कफ वर ढकलायचं काम त्यांचं. रोजच्या दारूनं ते सुस्तावले होते. जिंकलं की एक बाटली आणि हरलं की दोन, ही त्याच्या संघाची रीत होती. सर्जेरावानं ती त्याच संध्याकाळी सोडली.

आता त्यानं नळीत सगळा दम सोडला. बाईंनी आकडा दोनदा पाहिला.

"चोपन्न. पंचावन्नच्या आत."

आबांनी पिशवीतून आपल्या संघाची बनियन काढली. पाठीवर सर्जेरावाचं नाव होतं आणि घडीवर वर्षभराची पिवळी रेघ.

"हे नाव कधी टाकून घेतलंत, आबा?"

"तू भांडत होतास तेव्हा," आबा म्हणाले. "घाल. पहिली चढाई तुझी."

सर्जेराव तीन गडी बाद करून परतला, तेव्हाही त्याचा दम शिल्लक होता.