कॉफी घेऊन येणारी

कॉफीचा ट्रे घेऊन ओत्ताविया दारापाशी आली आणि थांबली. दार बंद होतं. कॅमेरा चालू होता. ती हनुवटी वर करून ताठ उभी राहिली, आणि दार काही उघडेना.

"कट," दिग्दर्शक बेल्लोनी म्हणाला. "कुणाची वाट बघताय?"

आपण वाट बघतोय हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. रोममधल्या जुन्या सरदार घराण्यातली ती लेक. तिच्यासमोरची दारं आजवर कुणी ना कुणी उघडत आलं होतं. आणि सिनेमात तिच्या वाट्याला काम आलं होतं नेमकं मोलकरणीचं.

दुसऱ्या वेळी तिने दार उघडलं, पण आत आली ती ते तसंच सताड उघडं टाकून. मागे पाव खात बसलेला सुतार कॅमेऱ्यात आला. सगळे हसले. बेल्लोनी हसला नाही. नाव पेपरात झळकेल म्हणून निर्मात्याने ही बाई त्याच्या गळ्यात मारली होती. त्याने सरळ सांगून टाकलं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत जमलं नाही तर रस्ता मोकळा. दुसरी मुलगी ॲप्रन बांधून तयारच बसली होती.

घरी आईने अडवलं नव्हतं. "जा. दोन दिवसांत तोंड पाडून परत येशील," एवढंच ती म्हणाली होती, आणि घरच्या मुलीने परक्या माणसांत एकटीने जाऊ नये म्हणून सोबत एर्सिलियाला धाडलं होतं. ओत्ताविया लहान होती तेव्हापासून तिची सकाळची कॉफी आणणारी ती हीच एर्सिलिया. आता ती कोपऱ्यात एका खोक्यावर बसून मोजे रफू करत होती.

ओत्तावियाला हे काम हवं होतं. घरात आधीपासून नसलेलं असं काही तिला जन्मात पहिल्यांदाच हवंसं वाटलं होतं. तिने डोळे मिटले. डोळ्यांपुढे काहीच येईना. आलं ते कानांत, रोज सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकलेलं.

मग तिने ट्रे छातीशी धरला. कोपराने दाराची मूठ दाबली, पाठ फिरवून कमरेने दार ढकललं, आत आली आणि टाचेने ते लोटून दिलं. हे सगळं करताना तोंडाने पुटपुटत होती, "उन्हं डोक्यावर आली तरी लोळतेय. हिच्या बापाने सूर्यसुद्धा विकत घेऊन ठेवलाय."

पुन्हा हशा पिकला, पण आता तो तिच्या बाजूचा होता. बेल्लोनी खुर्चीतून उठला. हे कुठून आणलंत, असं त्याने विचारलं. "घरून," ती म्हणाली. ते वाक्य तसंच ठेवायचं, असं त्याने लेखकाला बजावलं आणि दुसऱ्या मुलीला ॲप्रन सोडायला सांगितलं. ओत्तावियाला इतका आनंद झाला की तिने त्या पाव खाणाऱ्या सुताराचाही हात हातात घेतला.

मग तिचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. एर्सिलिया हसत नव्हती. सुई मोज्यात तशीच अडकून राहिली होती. इतकी वर्षं ती दाराबाहेर पुटपुटत आली होती, दार जाड आहे या भरवशावर.

दोघी कपडे बदलायच्या खोलीकडे निघाल्या. दार बंद होतं. सवयीने ओत्ताविया थांबली. शेजारी एर्सिलियाही थांबली. तिचे दोन्ही हात मोकळे होते. कुणीच हललं नाही.

शेवटी ओत्तावियानेच मूठ दाबली. एर्सिलिया मागे वळूनही न बघता आधी आत शिरली आणि खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीत बसली.

"रोज ऐकत होतात?"

"रोज," ओत्ताविया उंबऱ्यातूनच म्हणाली. "मला आवडायचं ते. तू यायच्या आधीच मी जागी असायचे."

एर्सिलियाने शाल सारखी केली.

"दार लावून घ्या, बाईसाहेब," ती म्हणाली. "बाहेर ऐकू जातं."