दुखरा खांदा

प्रचितीने धनुष्य ओढलं, दोरी हनुवटीला टेकली, पण बाण काही सुटेना. बोटं आखडली होती. तिने दोरी हळूहळू सैल सोडली आणि खांदा दाबत म्हणाली, "सर, खांदा दुखतोय."

आशियाई स्पर्धेची निवड चाचणी बारा दिवसांवर आली होती. काल पोरीने उजवा खांदा धरला होता आणि आज डावा, हे डुबल सरांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. ते सत्तर मीटर चालत गेले आणि लक्ष्यावरचा रंगीत कागद काढून, त्याची घडी घालत परत आले.

"आता मार."

मागच्या कोऱ्या फोममध्ये बाण सपकन रुतला. दुसराही. तिसऱ्यानंतर तिने मान खाली घातली.

"खांदा नाही दुखत, सर. कागद दिसला की भीतीच वाटते. झोपही लागत नाही. घरी काय सांगू?"

"खरं ते सांग. उद्या मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ."

"लोक हसतील."

सर बाकावर टेकले. "खांद्यामुळे मी खेळ सोडला, हे अख्ख्या साताऱ्याला माहीत आहे. बावीस वर्षं बायको थंडीत त्याला तेल चोळतेय. माझाही खांदा कधी दुखला नव्हता."

ती त्यांच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "काकूंना ठाऊक आहे?"

"आज सांगतो," सर म्हणाले. उठताना सवयीने खांद्याकडे गेलेला हात त्यांनी मध्येच खाली घेतला.