ओला टॉवेल

अकोल्याच्या नर्सिंग कॉलेजात प्रणाली दर वेळी एकाच चुकीपायी नापास व्हायची. जन्मताच न रडलेलं बाळ समजून रबरी बाहुलं पुसायचं, पुसून झालं की ओला टॉवेल काढून टाकायचा आणि बाळाला कोरड्यावर घ्यायचं, नेमकं तेच ती विसरायची.

“बाहुलं तर कोरडंच हाय, मॅडम. टॉवेल कायले बदलाचा?”

“ओलं समज. ओल्यात ठेवलेलं लेकरू गारठून जाते.”

आज परीक्षेत तिनं ते मनापासून ओलं समजलं. खसाखसा पुसलं, टॉवेल खाली टाकला, बाळाला कोरड्यावर घेतलं, तोंडावर मास्क धरून श्वासाची पिशवी दाबत राहिली. इवलीशी छाती वर आली. मॅडमनी बटण दाबलं आणि बाळ रडलं.

“वाचवलं वं पोरी!” मॅडम ओरडल्या. टाळ्यांनी वर्ग दणाणला. प्रणालीचे डोळे भरून आले.

मैत्रीण रागिणी खालचा टॉवेल उचलायला वाकली. उचलला आणि पिळला. फरशीवर कोमट पाण्याची धार लागली.

टाळ्या थांबल्या. मॅडमनी हात पुढं केले. “दे ते बाहुलं. कपाटात ठेवून देतो.”

प्रणालीनं बाळ छातीशी घट्ट धरलं आणि जिंकल्यासारखी हसली.

“आता कपाटात नाही, मॅडम. लेकराले भूक लागली.”